एफटी-१०१ विकू नका

ती. स्व. मामांना,



तुम्ही याएसूचा एफटी-१०१ हा हॅम रेडिओ सेट विकायला काढल्याचं मामीकडून कळलं. हल्ली सगळे संगणकावरच ऐकतात, या पेटीला कोण विचारतो, असं म्हणालात म्हणे. मामा, घाई करू नका. जुनी आठवण म्हणून तो ठेवा असं मी म्हणत नाही. त्या सेटचं पुढचं अंग आजही कामाचं आहे, आणि संगणकाची करामत त्याला मागून जोडता येते.

ज्या डाँगलचं कौतुक तुम्ही ऐकलंत, तो मीही वापरतो. टीव्ही बघण्यासाठी निघालेल्या यूएसबी डाँगलमधली आरटीएल२८३२यू ही चिप कच्चे नमुने थेट संगणकाला देऊ शकते, हे २०१२ च्या सुमारास सगळीकडे माहीत झालं आणि एसडीआर, म्हणजे सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ, कुणाच्याही खिशाला परवडू लागला. पण त्याचे नमुने आठ बिटांचे. नुसती वायर लावून संध्याकाळी चाळीस मीटरच्या पट्ट्यावर बसा. ७.२ मेगाहर्ट्झच्या वर मोठमोठी प्रसारण केंद्रं गर्जत असतात, ती सगळी एकदम आत घुसतात. आठ बिट त्यांच्यातच संपतात आणि हळू येणारं हॅम स्टेशन बुडून जातं. तुमच्या सेटमध्ये अँटेनाकडून आलेल्या सिग्नलला आधी प्रीसिलेक्टच्या दारातून जावं लागतं. ही गाळणी पुढे ठेवून डाँगल मागे लावला, तर त्याचाही भार बराच हलका होतो.

आता तो लावायचा कुठे? हेडफोनच्या जॅकवरून आवाज काढून संगणकात घालणारे बरेच आहेत. मला ते पटत नाही. तिथवर पोचेपर्यंत सिग्नल क्रिस्टल फिल्टरमधून अरुंद होऊन आलेला असतो, पातळी आपोआप सांभाळणाऱ्या एजीसीने त्याला वरखाली केलेलं असतं. शेजारी काय चाललंय ते बघायला उरतच नाही. सिग्नल काढायचा तो पहिल्या मिक्सरनंतर, फिल्टरच्या आधी.

इथे तुमचा सेट फार सोयीचा आहे. त्याचा पहिला आयएफ (मधली फ्रिक्वेन्सी) ५.५२ ते ६.०२ मेगाहर्ट्झ, म्हणजे पाचशे किलोहर्ट्झचा अख्खा पट्टा. डायलने फिरणारा व्हीएफओ येतो तो त्याच्या पुढच्या मिक्सरला, तिथून ३.१८ मेगाहर्ट्झ होतात. त्यामुळे पहिल्या आयएफवरून सिग्नल घेतला की तुम्ही डायल कितीही फिरवा, पडद्यावरचं चित्र जागचं हलत नाही. आपला ७.० ते ७.२ चा सगळा पट्टा एका नजरेत! तुम्ही सेटवर हॅम मंडळींचं नेट ऐकत बसा, तेवढ्यात मी माउसने पट्टीवरचं दुसरंच स्टेशन उघडून ऐकीन. एका सेटचे दोन रिसीव्हर झाले.

फक्त चित्र उलटं येतं. चाळीस मीटरला पहिला क्रिस्टल १३.०२ चा, म्हणून ७.० दिसतं ६.०२ वर आणि ७.१ दिसतं ५.९२ वर. आपला एलएसबीही (खालचा साइडबँड) तिथे यूएसबी (वरचा साइडबँड) होऊन बसतो. सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रम उलटा करायची सोय असते. ती लावली आणि फरक भरला की पट्टी सरळ वाचता येते. डाँगल मात्र डायरेक्ट सँपलिंग करणारा हवा, कारण साध्याचा ट्यूनर २४ मेगाहर्ट्झच्या खाली उतरत नाही.

मिक्सरच्या कॉइलला केबल थेट जोडायची नाही, कॉइलचं जुळणं बिघडेल. मध्ये जे-३१० फेटचा सोर्स फॉलोअर घालू, त्याच्या तोंडाशी काही पिकोफॅरडचा कपॅसिटर. ट्रान्समिटच्या वेळी डाँगलला धक्का बसू नये म्हणून दोन १एन४१४८ उलटसुलट जोडू. सॉकेटमधून उपसून निघणारे बोर्ड हे या सेटचं मोठं सुख आहे. उद्या नको वाटलं तर दोन टाके काढले की सेट पुन्हा जसाच्या तसा. पत्र्याला भोक पाडायचं नाही, आरजी-१७४ ची बारीक केबल असलेल्या फटीतूनच बाहेर घेऊ.

आणि पुढे जुनी गाळणी, मागे संगणक ही वाट जुन्यांची समजूत काढण्यापुरती नाही. आपल्या हैदराबादच्या अशहर फरहान यांनी आधी बिटएक्स हा हॅम सेट दिला, आणि पुढे एसबिटएक्स केला तेव्हाही समोर मिक्सर आणि क्रिस्टल फिल्टर ठेवून मागचं काम रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाकडे सोपवलं. नव्याने आखणारा माणूस जे मुद्दाम ठेवतो, ते तुम्ही भंगाराच्या भावात देऊ नये.

फेट, डायोड आणि केबल मी घेऊन येतो. तोवर झाकण उघडू नका. फायनल व्हॉल्व्हच्या प्लेटवर सहाशे व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर भरलेले राहतात. आणि गिऱ्हाईकाला आजच नाही म्हणून कळवा.

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा