हौस आणि धंदा

मराठी भाषेनें कांहीं शब्दांवर मोठा अन्याय केला आहे, आणि त्यांत ‘धंदेवाईक’ हा शब्द आम्ही पहिल्या प्रतीचा धरतों. वकिली किंवा वैद्यकी हा आपला धंदा आहे असें म्हटल्यानें कोणी रागावत नाहीं. पण त्याच गृहस्थाला ‘धंदेवाईक’ म्हणा, आणि मग तो कोणत्या नजरेनें तुमच्याकडे वळतो तें पाहा. उलट ‘हौशी’ या शब्दाला केवढी प्रतिष्ठा! हौशी नट, हौशी गवई, हौशी खेळाडू असें म्हणतांच स्वच्छ कपड्यांतला, सुशिक्षित, पैशाचें नांव निघतांच संकोचणारा असा एक सभ्य मनुष्य डोळ्यांपुढें उभा राहतो. ज्या धंदेवाईक नाटक मंडळ्यांनीं तिकिटें विकून, कर्जें काढून आणि गांवोगांव बिऱ्हाडें हलवून आपली संगीत रंगभूमि उभी केली, त्यांतील नटाला मुलगी द्यावयास मात्र आपले पूर्वज सहसा तयार नसत, हें वाचकांना निराळें सांगावयास नको.

आमचा स्वतःचा टेनिसशीं असलेला संबंध अगदीं निर्मळ, हौशी स्वरूपाचा आहे. गेलीं पंचवीस वर्षें आम्ही सकाळीं जिमखान्यावर रॅकेट फिरवीत आलों आहों, आणि त्याबद्दल कोणीं एक दमडीही देऊं केल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. आम्हीं खेळूं नये म्हणून कोणीं कांहीं देऊं केलें असतें, तर जोडीदारांची सोय तरी झाली असती! अशा या हौशी माणसाला ज्या धंदेवाइकानें पुष्कळ विचार करावयास लावलें, तो म्हणजे ऑस्ट्रेलियाचा केन रोझवॉल.

रोझवॉलचा जन्म १९३४ सालीं सिडनी शहरीं एका किराणा दुकानदाराच्या घरीं झाला. मुलगा उपजत डावखुरा. पण बापानें रॅकेट त्याच्या उजव्या हातांत दिली, आणि ती तेथेंच राहिली. उंची अवघी पांच फूट सात इंच. अंगकाठी इतकी किरकोळ कीं, आपल्याकडे काटकुळ्या पोराला थट्टेनें ‘पहिलवान’ म्हणावें त्याप्रमाणें सोबती त्याला ‘मसल्स’ म्हणूं लागले. त्याच्या सर्व्हिसचें भय कोणाला वाटलें नाहीं. पण चेंडूखालून रॅकेट फिरवून जाळ्याच्या अगदीं वरून तो जो बॅकहँड मारी, त्याला जाणकारांनीं जगांतील उत्कृष्ट फटक्यांत स्थान दिलें. १९५३ सालीं, अठराव्या वर्षीं, त्यानें ऑस्ट्रेलिया व फ्रान्स या दोन्ही देशांचीं अजिंक्यपदें मिळवलीं. विंबल्डनच्या अंतिम सामन्यांत मात्र तो १९५४ सालीं ड्रॉबनीकडून आणि १९५६ सालीं लू हॉडकडून हरला. हा हॉड त्याच्याच गांवचा, त्याच्याहून एकवीस दिवसांनीं धाकटा. त्या वर्षीं चार मोठ्या स्पर्धांपैकीं तीन हॉडनें जिंकल्या; चौथीच्या, म्हणजे अमेरिकेच्या, अंतिम सामन्यांत त्याला अडवलें तें रोझवॉलनेंच.

आणि त्याच वर्षाच्या अखेरीस रोझवॉल धंदेवाईक झाला.

याचा अर्थ आजच्या तरुण वाचकांस समजावून सांगणें अवश्य आहे. त्या काळीं विंबल्डनादि चारी मोठ्या स्पर्धा आणि डेव्हिस चषकाचे सामने केवळ हौशी खेळाडूंसाठीं होते. हौशी खेळाडूला मिळावयाचा तो चषक व प्रवासखर्च. पण या ‘खर्चा’च्या नांवाखालीं गाजलेल्या खेळाडूंच्या खिशांत बराच पैसा गुपचूप पडत असे, हें सर्वांना ठाऊक होतें. जो गुपचूप घेई तो सभ्य. जो चारचौघांत करारावर सही करून घेई त्याला मात्र दरवाजा बंद! १९४७ चा विंबल्डन-विजेता जॅक क्रॅमर याच्या मंडळींत रोझवॉल सामील झाला, आणि १९५७ पासून १९६७ पर्यंत विंबल्डनच्या अकरा स्पर्धा त्याच्यावांचून पार पडल्या. बाविसाव्या वर्षापासून बत्तिसाव्यापर्यंतचा तो काळ. खेळाडूच्या आयुष्याचा मध्यान्ह म्हणतात तोच.

हीं वर्षें त्यानें कशीं घालवलीं? आपल्या नाटक मंडळ्यांनीं घालवलीं तशींच. आज या गांवीं, उद्यां त्या. कोठें बंदिस्त सभागृहांत लांकडी जमिनीवर कापडाचें कोर्ट अंथरून, दिव्यांच्या उजेडांत खेळ लावावयाचा, आणि तो संपतांच गाशा गुंडाळून पुढचा मुक्काम गांठावयाचा. १९५७ च्या पहिल्याच दौऱ्यांत त्याची गांठ पडली ती पांचो गोन्झालेस या जबरदस्त खेळाडूशीं. आणि दर तीन सामन्यांपैकीं सुमारें दोन त्यानें गमावले. हौशी जगांत मानहानि झाली तर पुढच्या स्पर्धेपर्यंत घरीं बसतां येतें. येथें तोच प्रतिस्पर्धी दुसऱ्या रात्रीं पुन्हां समोर उभा! पण रोझवॉल या मुशींतून तावून निघाला. १९६० ते १९६६ हीं सलग सात वर्षें फ्रान्समधील धंदेवाइकांची स्पर्धा त्यानें जिंकली. तिचें नांव आज कितीजणांना माहीत आहे?

खरा खेळ कोठें चालला होता याचा पुरावा १९६३ सालीं मिळाला. आदल्या वर्षीं चारी मोठ्या स्पर्धा जिंकून रॉड लेव्हर धंद्यांत उतरला. जगाच्या दृष्टीनें तो सर्वश्रेष्ठ होता. पहिल्याच दौऱ्यांत हॉडनें त्याला आठांपैकीं आठ सामन्यांत हरवलें, आणि रोझवॉलनें तेरांपैकीं अकरांत. विंबल्डनची हिरवळ आणि खेळाचें शिखर या दोन गोष्टी एकाच ठिकाणीं नव्हत्या, एवढाच याचा अर्थ.

आपल्या रामनाथन् कृष्णन् यांनाही क्रॅमरनें बोलावणें धाडलें होतें. त्यांनीं तें नाकारलें आणि १९६० व १९६१ सालीं ते विंबल्डनच्या उपांत्य फेरीपर्यंत पोहोंचले. त्यांच्या निर्णयाबद्दल आम्हांस आदरच आहे. मात्र तो नकाराच्या निःस्पृहतेसाठीं द्यावा, होकार देणाऱ्याला कमी लेखण्यासाठीं नव्हे.

शेवटीं १९६८ सालीं भिंत पडली. बोर्नमथ येथील पहिल्या खुल्या स्पर्धेंत मार्क कॉक्स या हौशी इंग्रजानें गोन्झालेसलाच हरवून मौज उडवून दिली; पण अंतिम सामना जिंकला रोझवॉलनें, लेव्हरविरुद्ध. लगेच फ्रान्सचें अजिंक्यपद त्याच्याकडे आलें, पहिल्या वेळेनंतर बरोबर पंधरा वर्षांनीं. १९७० सालीं अमेरिकेचें, १९७१ व १९७२ सालीं ऑस्ट्रेलियाचें. या शेवटच्या विजयाच्या वेळीं त्याला सदतिसावें वर्ष उलटलें होतें. याच दोन वर्षीं डॅलस येथें लेव्हरला हरवून त्यानें प्रत्येकीं पन्नास हजार डॉलरांचें बक्षीस उघड्या हातानें घेतलें, आणि त्यानें आकाश कोसळलें नाहीं.

विंबल्डन मात्र त्याला कधींच मिळालें नाहीं. १९७० सालीं अंतिम सामन्याच्या पांचव्या सेटमध्यें न्यूकोम्बनें तें हिरावलें. १९७४ सालीं, एकोणचाळिसाव्या वर्षीं, त्यानें न्यूकोम्बला हरवलें, उपांत्य सामन्यांत स्टॅन स्मिथविरुद्ध पहिले दोन सेट गमावूनही तो जिंकला. आणि अंतिम सामन्यांत एकवीस वर्षांच्या जिमी कॉनर्सनें त्याला ६–१, ६–१, ६–४ असें निष्ठुरपणें झोडपलें. त्याच वर्षीं अमेरिकेच्या स्पर्धेंत त्यानें विजय अमृतराज यांना नमवलें. रोझवॉलनें पहिलें अजिंक्यपद मिळवलें त्या १९५३ सालीं अमृतराज जन्मले होते! तेथेंही अंतिम सामन्यांत कॉनर्सच उभा होता, आणि रोझवॉलला तीन सेटांत मिळून दोनच गेम मिळाले. विंबल्डनच्या त्या सामन्याचें चित्रण आम्हीं पाहिलें आहे. हरणारा मनुष्य प्रत्येक चेंडूमागें पहिल्याच चेंडूइतक्या प्रामाणिकपणें धांवतो, यापलीकडे त्यांत पाहण्यासारखें फारसें नाहीं. पण तेवढें आम्हांस पुरेसें वाटलें.

गेल्या वर्षीं एक परिचित गृहस्थ आपल्या सोळा वर्षांच्या कन्येला घेऊन आमच्या घरीं आले. मुलगी टेनिस उत्तम खेळते; पण कॉलेज मागें ठेवून तेंच करीन म्हणते. “सर, खेळ हौसेपुरताच ठेवावा, असें तुम्हीच हिला सांगा,” ते म्हणाले. आम्हीं तिला रोझवॉलची हकीकत सांगितली, आणि तींतला विंबल्डनचा भाग वगळला नाहीं. पितृहृदयाची काळजी खोटी नाहीं; या धंद्यांत शंभरांतून एखाद्याचें नांव होतें, आणि बाकीच्यांचीं उमेदीचीं वर्षें परत मिळत नाहींत. तिला ही किंमत माहीत असावी. पण पैसे घेऊन खेळल्यानें खेळ बाटतो, हें कारण तिला कोणीं सांगूं नये, एवढें आम्हीं तिच्या वडिलांनाही बजावलें.

आम्ही स्वतः गेलीं तीस वर्षें वेतन घेऊन शिकवीत आलों आहों. अध्यापन हा पवित्र व्यवसाय आहे, असें आम्हांला विशेषतः वेतनाची गोष्ट निघाली म्हणजे ऐकवण्यांत येतें. पवित्र तो असेलही. पण दररोज सकाळीं, मन लागो वा न लागो, चाळीस मुलांपुढें तयारीनिशीं उभें राहावयास आम्हांला हौसेनें शिकवलेलें नाहीं. तें धंद्यानें शिकवलें. हौस मनुष्याला खेळाच्या दारापर्यंत आणून सोडते. आणि वाईट दिवशीं, परक्या गांवीं, हरत असतांनाही चांगलें खेळण्याची संवय धंद्यानें लागते. केन रोझवॉलच्या अकरा वर्षांचा हिशेब विंबल्डनच्या पटावर मिळत नाहीं. तो मिळतो एकोणचाळिसाव्या वर्षीं त्याच पटावर पुन्हां लागलेल्या त्याच्या नांवांत, मग तें नांव हरलेल्याचें कां असेना.