खापरीवरचे नाव

मुलांचे प्रोजेक्ट म्हणजे आईवडिलांनी दुसऱ्यांदा दिलेली परीक्षा, हे आता कुणाला नव्याने सांगायला नको. आठवीच्या इतिहासात ग्रीक संस्कृतीचा धडा आला की स्टेशनरीच्या दुकानात पार्थेनॉनचे तयार देऊळ मिळते. पूर्वी थर्माकोलचे मिळे, आता बंदीमुळे सनबोर्डचे. दर्शनी खांब सहा. खऱ्या पार्थेनॉनला समोर ८ आणि लांबीच्या बाजूला १७ खांब आहेत, पण मोजतो कोण! खाली 'अथेन्स, इ.स.पू. ४४७ ते ४३२' अशी पट्टी चिकटवली की मार्क ठरलेले.

आमच्या लेकीने यंदा ते देऊळ आणायला साफ नकार दिला. तिच्या वर्गात तशी अकरा देवळे आधीच जमली होती. मग गल्लीतली सात मुले आमच्या अंगणात गोळा झाली आणि 'हाताने काहीतरी करायचं, पण काय?' यावर खल सुरू झाला. आमचे घर बेळगावातल्या पुष्कळ घरांसारखेच. मी मराठी, सासूबाईंचे माहेर धारवाडचे. मुले त्यांना अज्जी म्हणतात, त्यांच्याशी कन्नड बोलतात, माझ्याशी मराठी, आणि भांडताना दोन्ही.

मी म्हटले, मडके फोडा. यापेक्षा सोपा अभ्यास कोणता? परसात खानापूरचा एक तडकलेला माठ पडून होता. अथेन्समध्ये जो माणूस शहराला डोईजड होतोय असे वाटे, त्याचे नाव लोक खापरीवर कोरून टाकत. एकंदर सहा हजार खापऱ्या पडल्या तर ज्याचे नाव सर्वांत जास्त, त्याने दहा वर्षे शहराबाहेर राहायचे. घरदार, जमीन त्याचीच राही. खापरीला ग्रीकमध्ये 'ऑस्ट्राकॉन' म्हणतात, म्हणून ही पद्धत 'ऑस्ट्रासिझम'.

पुस्तकात एवढेच असते. खिळा हातात घेतला की पुढचे कळते. भाजलेल्या खापरीवर सरळ रेघ ओढता येते, वळण येत नाही. ग्रीकांची कितीतरी अक्षरे काटक्या मांडल्यासारखी, ती लवकर जमली. देवनागरीची शिरोरेघ झाली, पण 'क'ची पोटे फुटली. कन्नड गोल अक्षरांनी तर सगळ्यांची बोटे दुखवली. प्रत्येक वळणावर खिळा घसरायचा. ताडपत्रावर आणि खापरीवर लिहिणाऱ्यांचे हात वेगळे असणारच, हे मुलांना माझ्याकडून ऐकावे लागले नाही.

पुरातत्त्व संशोधकांना अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिसजवळच्या एका विहिरीत १९० खापऱ्या सापडल्या. सगळ्यांवर थेमिस्टोक्लीसचे नाव, आणि हस्ताक्षरे मात्र अवघी १४. म्हणजे कुणीतरी आधीच कोरून वाटायला ठेवलेल्या! हे सांगताच मुले एका सुरात ओरडली, "बोगस मतदान!" निवडणुकांच्या बाबतीत आपल्या मुलांना फार शिकवावे लागत नाही.

मग मुलांनी स्वतःच नियम केले. एक आठवडा खेळातून कोणाला बाहेर ठेवायचे, त्याचे नाव कोरायचे. खापऱ्या मोजायला बसला तो समोरच्या घरातला मुलगा. त्याच्या वडिलांची विजापूरकडून बदली झालेली, इथे येऊन चार महिने झालेले. एकेक खापरी उलटी करत तो नावे वाचत होता. चौथ्या खापरीवर थांबला. "इदु नन्न हेसरु," म्हणाला. पुढच्यावरही तेच. सातांपैकी चार खापऱ्यांवर त्याचे नाव होते.

कोणी बोलेना. मी कारण विचारले तेव्हा एकजण म्हणाला, "त्याचं कन्नड कळत नाही काकू, फार फास्ट बोलतो. आणि मराठी येत नाही."

मी त्यांना आरिस्टायडीसची गोष्ट सांगितली. इ.स.पू. ४८२ मधली. मतदानाच्या दिवशी एक अडाणी शेतकरी त्याला न ओळखता त्याच्याकडेच खापरी घेऊन आला आणि म्हणाला, यावर आरिस्टायडीसचे नाव लिहून दे. त्याने तुझे काय बिघडवले, असे विचारल्यावर उत्तर आले की बिघडवले काही नाही, पण सगळीकडे त्याला 'न्यायी' म्हणतात ते ऐकून कंटाळा आलाय. आरिस्टायडीसने मुकाट्याने आपले नाव लिहून दिले. प्लुटार्कने ही गोष्ट पाच-सहाशे वर्षांनंतर लिहिली, तेव्हा तिखटमीठ असेलही. पण त्याची हद्दपारी झाली हे खरे. अथेन्सने त्याला दोनच वर्षांत परत बोलावले हेही खरे, कारण इराणी सम्राट झर्क्सीस सैन्य घेऊन अंगावर आला होता आणि शहराला माणसे हवी होती.

"एष्टु दिवस?" एवढेच त्या मुलाने विचारले. आठवडा, असे ठरलेलेच होते. तो घरी गेला. रविवारी मागच्या गल्लीशी मॅच होती आणि फास्ट बॉलिंग त्याच्याशिवाय कोणी टाकत नाही. शनिवारी संध्याकाळी त्याच्या फाटकाशी 'बारो' अशी हाक गेली. आरिस्टायडीसचा यात कितपत वाटा होता कोण जाणे.

मध्येच एक दिवस सावलीचा झाला. एराटोस्थेनीस हा ग्रीक विद्वान इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचा ग्रंथपाल. इ.स.पू. तिसऱ्या शतकात त्याने दोन गावांच्या दुपारच्या सावल्यांवरून पृथ्वीचा घेर काढला. त्याच्या दोन गावांच्या कोनांत सुमारे ७ अंशांचा फरक होता. बेळगाव आणि इंदूर यांच्यातही जवळजवळ तेवढाच आहे, आणि इंदूरला आमच्या मुलांची आत्या आहे! डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दोन्ही अंगणांत एक-एक मीटरची काठी उभी राहिली. सर्वांत आखूड सावली बारा वाजता पडत नाही, इथे ती १२.२५ च्या सुमारास पडते, हा पहिला धक्का. आमची सावली ८० सेंटीमीटर, आत्याची १०२. कागदावर त्रिकोण काढून कोनमापकाने मोजले, फरक ७ अंश. नकाशावरचे दक्षिणोत्तर अंतर ७६० किलोमीटर. गुणाकार-भागाकार करून पृथ्वीचा घेर आला सुमारे ३९,१०० किलोमीटर. प्रत्यक्षात तो ४० हजारांच्या आसपास आहे. आत्याने फोनवर दोनदा विचारले, खरंच का आपण काढलं हे?

इजिप्तचे नाव निघाले म्हणून मला जुने वाचलेले आठवले. तिथल्या ऑक्सिरिंकस गावाच्या उकिरड्यात ग्रीक पपायरसांचे ढीग सापडले. त्यांपैकी १९०३ साली छापल्या गेलेल्या एकावर, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातल्या, एक प्रहसन आहे. चॅरिशन नावाची ग्रीक मुलगी भारताच्या किनाऱ्यावर एका राजाच्या ताब्यात अडकलेली. तिचा भाऊ आणि एक विदूषक राजाला पाणी न घातलेली दारू पाजतात, बांधून ठेवतात आणि तिला जहाजावरून घेऊन जातात. देवळातली संपत्ती चोरू या, असे सुचवल्यावर ती नकार देते. विदूषकाचे मुख्य शस्त्र म्हणजे त्याचे अपानवायू. नाटक कोणते करायचे हा प्रश्न तिथेच मिटला.

पण गंमत पुढे आहे. राजा आणि त्याची माणसे ग्रीक नसलेली भाषा बोलतात. १९०४ मध्ये हुल्ट्श या जर्मन पंडिताने ती कन्नड असल्याचे सुचवले. अर्थशास्त्राची पोथी उजेडात आणणारे शामशास्त्री यांनी तिच्यात कन्नड वाक्ये वाचली, मंजेश्वरच्या गोविंद पैंनीही यावर लिहिले. बार्नेट यांनी १९२६ मध्ये शंका घेतली. कोणी तुळू म्हणतात, तर कोणाच्या मते ती नुसती हसवण्यासाठी केलेली बडबड. ग्रीक न बोलणाऱ्या सगळ्यांनाच ते लोक 'बार्बारोस' म्हणत, कारण परकी बोली त्यांच्या कानाला 'बर-बर' अशी लागे.

"म्हणजे फास्ट बोलतो तसं," लेक म्हणाली आणि गप्प झाली.

राजा कोण होणार हे वेगळे सांगायला नको. शामशास्त्रींनी वाचलेल्या शब्दांत 'कोंच' म्हणजे थोडेसे, असा एक शब्द आहे. तो ऐकून अज्जी पुढे सरसावल्या. "कोंच म्हैसूरकडचं. आपण सोल्प म्हणतो." राजाचे सगळे संवाद त्यांनी आणि त्या मुलाने मिळून लिहिले. धारवाडचे कन्नड शुद्ध की विजापूरचे, यावर दोन संध्याकाळी गेल्या. या राजाला पाहुण्यांचा डाव पहिल्यापासून कळलेला असतो. तो तसे प्रेक्षकांना कन्नडमध्ये सांगतो, दारूला नावे ठेवतो आणि तरीही पितो. शाळेत प्रयोग झाला तेव्हा कन्नड कळणारी मुले आधी हसली, आणि बाकीची शेजाऱ्याला "काय म्हणाला, काय म्हणाला?" विचारत राहिली.

घरी आल्यावर अज्जींनी विचारले, "अगं, पण त्या राजाला शेवटी सोडवलं कोणी?"

ते मुलांनी लिहिलेच नव्हते. येत्या शनिवारी पुन्हा बसायचे ठरले आहे, राजासकट.