दुपट्यांवरचे डाग

घरात तान्हं बाळ आलं की दोरीवर दुपट्यांच्या पताका लागतात. परवा भाचेसून म्हणाली, "मावशी, डाग निघतच नाहीत हो, ब्लीच टाकू का?" म्हटलं, थांब गं जरा!

दुधाचे, शीचे डाग आधी गार पाण्यात भिजवायचे. कढत पाण्याने त्यातली प्रथिनं धाग्यात घट्ट बसतात. मालिशच्या तेलाला मात्र कोमट पाणी आणि साबण. हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो, घाबरू नका. नीट खळबळून कडक उन्हात वाळत घाला. हळदीचा रंग उन्हापुढे टिकत नाही. आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

मला डागापेक्षा भीती वाटते ती डांबरगोळ्यांची. ट्रंकेत जपलेली झबली-टोपडी आपण कौतुकाने काढतो आणि तशीच बाळाला घालतो. पण 'जी-६-पीडी' या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी त्या गोळ्यांतल्या नॅप्थलीनने फुटतात. कावीळ इतकी वाढू शकते की मेंदूला इजा व्हावी. आणि ही कमतरता बाळाकडे बघून कळत नाही! म्हणून बाळाच्या कपड्यांत डांबरगोळी नकोच. आमच्या ट्रंकेत वाळवलेला कडुनिंबाचा पाला असतो.

एवढं करूनही एखादा फिकट डाग राहिला, तर राहू दे. नव्या बाळाला आपण मुद्दाम जुनं, मऊ कापड घालतो. त्याला मऊपणा कळतो, डाग फक्त आपल्याला दिसतात.