भांडण घरातलं, भाव बाहेरचा

एप्रिल 1865 मध्ये अमेरिकेतलं यादवी युद्ध संपत आलं आणि इकडे कापसाचे भाव कोसळले. युद्धाच्या चार वर्षांत मँचेस्टरला तिकडचा कापूस मिळेना, म्हणून खानदेश-वऱ्हाडच्या मालाला कधी नव्हे तो भाव आला होता. त्या भरवशावर सावकारांनी सढळ हाताने कर्जं दिली. तिथल्या शांततेने इथली घरं बुडाली. 12 मे 1875 ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात लोकांनी सावकारांची कर्जखतं जाळली. सारावाढही त्यामागे होती, एकटा कापूस नव्हे. पण राग निघाला तो गावातल्या पेढीवर. मँचेस्टर काही सुप्याच्या वेशीवर नव्हतं.

2022-23 च्या हंगामात चोपड्याकडच्या आमच्या नातलगांनी कापूस विकलाच नाही. आदल्या वर्षी क्विंटलला दहा हजारांच्या वर गेलेला भाव डोळ्यांपुढे होता. माजघर छतापर्यंत भरलं. भाव चढेना, घरातल्यांच्या अंगाला खाज सुटली, आणि त्याहून वाईट म्हणजे बोलणी सुरू झाली. "तेव्हाच सांगत होतो आप्पा, दिवाळीला देऊन टाका." आप्पा गप्प. शेवटी खेडा खरेदीवाला आला, ओल आहे म्हणून कटती लावली, आणि सगळा संताप त्याच्या काट्यावर उतरला. काट्यात खोट असतेही, नाही असं नाही. पण भाव त्या काट्यावर ठरत नाही, तो दूर कुठेतरी ठरतो.

2003 मध्ये कानकूनच्या व्यापार परिषदेत बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली यांनी श्रीमंत देशांच्या, मुख्यतः अमेरिकेच्या, कापूस अनुदानांविरुद्ध दाद मागितली. तिथल्या मसुद्यात त्यांच्या पदरी पडला तो दुसऱ्या उद्योगांकडे वळण्याचा सल्ला. ब्राझील मात्र खटला लढला, जिंकला, उलट कर लावण्याचा धाक घातला. 2014 मध्ये अमेरिकेने 30 कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. अनुदानं बंद करण्यापेक्षा पैसे देणं सोपं. माली 2012 पासून युद्धात होरपळतोय. कापूस पडला म्हणून बंदुका निघाल्या, असं सरळ गणित मांडणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. उत्तर मालीतल्या बंडांचा इतिहास वेगळा आहे. मात्र ज्याच्या शेतात काही उरलं नाही, त्या पोराला कुणीही हाताशी धरू शकतं, एवढं खानदेशात बसूनही कळतं.

ऑगस्ट 2025 मध्ये आपल्या सरकारने कापसावरचं 11 टक्के आयातशुल्क उठवलं. सवलत आधी सप्टेंबरअखेरपर्यंत होती, मग डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. म्हणजे ऐन वेचणीत. गिरण्यांचीही अडचण खरी होती, अमेरिकेने भारतीय मालावर 50 टक्के कर लावला होता. पण हेच पेरणीआधी कळलं असतं, तर कुणी दोन एकर मका लावला असता. ऑगस्टात पऱ्हाटी उभी असते, खताची उधारी झालेली असते, आणि उधारी देणारा दुकानदार गावातलाच असतो.