काका, रंगांचे नियम एक्स्पोर्ट करून ठेवा

प्रिय काका,

परवा फोनवर पुन्हा तेच. "नवीन वायरशार्क म्हणजे नुसती रंगरंगोटी," म्हणालात आणि विषय बदललात. पत्रात तुम्हाला मध्येच तोडता येणार नाही, म्हणून लिहितोय.

नेटवर्कची पॅकेटं दाखवणाऱ्या या वायरशार्कमधले रंग वाचायला मला कोणी शिकवलं हो? काळ्या पट्टीवर लाल अक्षरं दिसली की टीसीपीचं काहीतरी बिनसलंय. आधी रीट्रान्समिशन बघ, मग सर्व्हरवाल्यांना शिव्या घाल, हे तुमचंच ना? तुम्ही तर इथेरिअलच्या काळातले. २००६मध्ये जेराल्ड कोम्ब्जने नोकरी बदलली, जुन्या नावाचा ट्रेडमार्क मागेच राहिला आणि इथेरिअलचं वायरशार्क झालं. अख्खं नाव गेलं, तेव्हा तुम्ही हूं की चूं केलं नाहीत. मग २०१५मध्ये २.० आलं, पडद्यावरच्या रूपासाठी जीटीके जाऊन क्यूटी आलं, त्याचाच एवढा राग का? मॅकवर जुनं चालवायला आधी एक्स११ बसवावं लागायचं, तेव्हा तुम्हीच किती वैतागायचात!

आता एखादी मोठी कॅप्चर फाइल नव्यात उघडा आणि पॅकेटच्या यादीचा स्क्रोलबार बघा. आसपासच्या पॅकेटांचे रंग त्यात बारीक रेघांनी उमटतात. काळं कुठे दाटलंय ते एक ओळ न वाचता कळतं. डीएनएसची क्वेरी निवडा, तिचं उत्तर कुठल्या ओळीत आहे ते डावीकडचा बाण दाखवतो. याच कामासाठी तुम्ही पाठकोऱ्या कागदावर पॅकेटचे नंबर लिहीत बसायचात.

आणि तुम्ही केलंत काय? २.०सोबत जुनं रूप 'लेगसी' म्हणून मिळत होतं, तोवर ते वापरलंत. २०१९च्या ३.०मध्ये तेही गेलं, तर सरळ १.१२वर परत! त्याला टीएलएस १.३ धड कळत नाही, सुरक्षेच्या दुरुस्त्या केव्हाच थांबल्यात. आमच्यापैकी कोणी असं केलं असतं, तर सोडलं असतंत?

एक मात्र तुमचं खरं. आमची नवी पोरं काळं दिसलं की थेट तिथे उडी मारतात. झीरो विंडो सापडली की खूश. पण त्याआधीच्या साध्यासुध्या दिसणाऱ्या ओळींत रिसीव्हरची विंडो आक्रसत आलेली असते, ते कोण बघणार? तुम्ही पहिल्या सिन पॅकेटपासून माझ्याकडून मोठ्याने वाचून घ्यायचात. "ओळ गाळलीस," म्हणायचात. तेव्हा मनातल्या मनात चिडायचो. आज पोरांना तेच सांगतो, पण तुमच्यासारखा दरारा नाही माझा. म्हणून तर तुम्ही हवे आहात, आणि नव्या वायरशार्कसकट हवे आहात.

शनिवारी लॅपटॉप घेऊन येतो. तुमचे रंगांचे नियम एक्स्पोर्ट करून ठेवा, नव्यात इम्पोर्ट करता येतात. उरलेलं भांडण समोरासमोर करू. काकूंना नमस्कार.

तुमचा,
ओळी गाळणारा