कॉम्प्रेसर आणि भाऊंची ढोलकी

‘गणेशोत्सवातल्या वाद्यवृंदाबद्दल दोन शब्द लिहा,’ असा संपादकांचा आग्रह झाला, म्हणून माझ्या फजितीची हकिगत लिहितो.

मी मंडळाच्या कार्यक्रमात बास गिटार वाजवतो. पायाशी चार डब्या असतात, त्यांना पेडल म्हणतात. त्यांतली कॉम्प्रेसर ही घरातल्या आजीसारखी. जो ओरडतो त्याला दटावायचे, जो पुटपुटतो त्याला पुढे करायचे. (एसीचा कॉम्प्रेसर वेगळा. दुबईत हा खुलासा करावाच लागतो!)

गेल्या वर्षी आमचे ढोलकीवाले भाऊ कायमचे गावी परतणार होते. बावीस वर्षे शारजातल्या फ्लॅटमध्ये, शेजाऱ्यांच्या धाकाने आवाज हळू ठेवून, आम्ही तालीम केली. तिथे माझी मांडणी झकास वाटे: आधी ऑक्टेव्ह, मग ओव्हरड्राइव्ह, त्यानंतर कॉम्प्रेसर, शेवटी कोरस.

सभागृहात पहिल्याच लावणीला बास गडप! भावगीतात गायिका थांबली की माझ्या स्पीकरमधून नुसते ‘स्स्स’. मध्यंतरात भाऊ म्हणाले, “अरे, वाजवतोयस की नुसती बोटं फिरवतोयस? मला आधार कुठे मिळतोय?” इतक्या वर्षांत ते असे प्रथमच बोलले.

“भाऊ, दहा मिनिटं द्या,” म्हणून चहा सोडून खाली बसलो. ओव्हरड्राइव्ह मुळातच आवाज दाबते आणि थोडी खरखरही आणते. तिच्यानंतर कॉम्प्रेसर आला की सूर थांबताच तो ती खरखर वर उचलतो. म्हणून कॉम्प्रेसर सर्वांत पुढे घेतला. ऑक्टेव्हलाही ते मानवले. ती आलेला सूर ओळखून खालचा सूर काढते, तेव्हा सूर एकसारख्या जोराने आला की अडखळत नाही. (ऑटो-वाह असती, तर ती मात्र कॉम्प्रेसरच्याही आधी लागली असती. ती बोटांच्या जोरावरच उघडते.)

खरी चूक अटॅकच्या बटणात होती. बासची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा थरथरते, म्हणजे एका कंपनाला साधारण २४ मिलिसेकंद. मी अटॅक अगदी जलद ठेवला होता, त्यामुळे बोटाचा पहिला ठोका उमटण्याआधीच दाबला जाई. ढोलकीच्या डाव्या बाजूशी जुळायला हवा तो नेमका हाच ठोका. अटॅक सावकाश केला, दाब निम्म्यावर आणला.

शेवटच्या लावणीला भाऊंनी मान वर करून माझ्याकडे पाहिले आणि लय वाढवली. बोलले काही नाहीत. सोमवारी त्यांचे विमान होते.

बटणांच्या जागा मी चिकटपट्टी लावून तशाच ठेवल्या आहेत. यंदा ढोलकीला माणूस हवा आहे. कुणाच्या घरी वाजवणारे असतील, तर मंडळात जरूर कळवावे.