तीन वह्या

संगणकाच्या लॉगमध्ये सहसा विधानं असतात. अमुक सुरू झालं, तमुक थांबलं, जागा संपली, परवानगी नाही. प्रश्नचिन्ह मी तिथे पहिल्यांदा पाहिलं ते एका रात्री साडेबाराला. एट्सीडी नावाचा प्रोग्रॅम विचारत होता: रॅफ्टचा लॉग बिघडला, छाटला गेला, की हरवला? विचारून तो कोसळत होता. सिस्टीम त्याला पुन्हा उठवायची, की पुन्हा तोच प्रश्न आणि पुन्हा तेच कोसळणं. उत्तर माझ्यापाशी होतं. त्या यंत्राची स्मृती साडेएकवीस तास मागे गेली होती, आणि ती मी नेली होती.

मी पुण्यात सर्व्हर सांभाळते. तेव्हा आमच्याकडे कुबरनेटीसचं एक लहान क्लस्टर होतं. तीन नियंत्रक मशीन, सहा कामकरी मशीन, सगळी व्हर्च्युअल. कुबरनेटीस हा मूळ ग्रीक शब्द, अर्थ सुकाणू धरणारा. आपल्या किनाऱ्यावर त्याला तांडेल म्हणतील. गूगलने २०१४ साली हा प्रोग्रॅम सर्वांसाठी खुला केला. शेकडो कंटेनर, म्हणजे आपापल्या डब्यात चालणारे प्रोग्रॅम, कुठल्या मशीनवर चालवायचे, एखादं मशीन बंद पडलं तर त्याच्यावरचं काम कुठे हलवायचं, हे सगळं तो बघतो. पण स्वतः काहीच लक्षात ठेवत नाही. त्याला जे माहीत आहे ते सगळं एट्सीडीत लिहिलेलं असतं, आणि एट्सीडी त्या तीन नियंत्रकांवर राहतो.

त्या रात्री तिघांपैकी एकाची डिस्क खराब झाली. व्हर्च्युअल मशीनवर हात बसलेल्या माणसाला अशा वेळी एकच सुचतं: स्नॅपशॉट. आमच्याकडे रोज पहाटे तीनला प्रत्येक मशीनचा स्नॅपशॉट घेतला जायचा. त्याची करामत साधी आणि सुंदर आहे. स्नॅपशॉट घेतला त्या क्षणापासून जुन्या डिस्कला कुणी हात लावत नाही. पुढचं सगळं लिखाण वेगळ्या फाइलमध्ये जातं. मागे जायचं म्हणजे ती वेगळी फाइल टाकून द्यायची. अपडेट बिनसलं, कॉन्फिगरेशन चुकलं, अशा कितीतरी वेळी मी हे केलं होतं आणि काही सेकंदांत मशीन जणू काही घडलंच नाही असं उभं राहिलं होतं. तेच मी तिथे केलं. मशीन उठलं, नेटवर्क आलं, आणि लॉगमध्ये तो प्रश्न उमटला.

तो समजण्यासाठी रॅफ्टकडे जावं लागतं. स्टॅनफर्डमधल्या डिएगो ऑन्गारो आणि जॉन औस्टरहाउट या दोघांनी २०१४ साली ही एकमताची पद्धत मांडली; एट्सीडी तीच वापरतो. माणसाला समजेल अशी पद्धत हवी हा त्यांचा मुख्य हेतू होता, म्हणून मीही ती माणसांच्याच भाषेत सांगते. सोसायटीची सभा भरली आहे. तीन सदस्य, तिघांकडे एकेक वही. एक जण नेता. ठराव आधी तो स्वतःच्या वहीत लिहितो, मग इतरांना सांगतो. ते लिहितात आणि म्हणतात, "लिहिलं." तिघांपैकी दोघांच्या वहीत आलं की ठराव मंजूर. पाच सदस्य असतील तर तिघांच्या. हाच कोरम. एखादा गैरहजर राहिला तरी अडत नाही. तो परतला की नेता त्याला राहिलेली पानं उतरवून देतो. मशीन बंद पडणार, वायर तुटणार, हे सगळं गृहीत धरूनच ही सभा चालते.

ती एकच गोष्ट गृहीत धरत नाही. ज्याने "लिहिलं" म्हटलं, त्याच्या वहीतून ते पान नाहीसं होईल हे तिच्या नियमांत बसतच नाही. सारा डोलारा त्या एका शब्दावर उभा असतो. नेत्याने मनाशी टिपून ठेवलेलं असतं की तिसऱ्याकडे आठशेव्या ठरावापर्यंत लिखाण आहे. सेकंदाला दहा वेळा तो सर्वांना हाक देतो, त्यात सांगतो, आठशेपर्यंत पक्कं समजा. तिसरा वही उघडतो तर सहाशेनंतर कोरी पानं. मधली पानं आली नसती तर त्याने मागून घेतली असती. पण इथे ती आपण घेतली होती असं समोरचा सांगतो आहे, आणि आपल्याला त्यातलं काही आठवत नाही.

त्याचं कोसळणं मला त्या रात्री त्रासाचं वाटलं होतं. पुढे समजलं की त्याने सगळ्यांना वाचवलं होतं. समजा, सातशेवा ठराव नेता आणि हा तिसरा अशा दोघांच्याच वहीत होता आणि दुसरा जरा मागे होता. आता तिसरा विसरला. म्हणजे दोघांनी मंजूर केलेला ठराव एकट्या नेत्याच्या वहीत उरला. नेता त्याच क्षणी बंद पडला असता तर मागे राहिलेल्या दोघांनी मिळून कोरम भरवला असता, सातशेव्या जागी भलतंच काही लिहिलं असतं, आणि नियमाने ते मंजूरही ठरलं असतं. स्नॅपशॉटवरून उठलेलं मशीन बंद मशीनपेक्षा घातक आहे ते यामुळे: बंद असलेलं गप्प असतं, आणि हे मत देतं.

उपाय सोपा निघाला, पण त्याचा क्रम मोडायचा नाही. आधी त्या सदस्याचं नाव यादीतून काढायचं. मग त्याची डेटा डिरेक्टरी पूर्ण रिकामी करायची. मग तो जणू आजच दारात आला आहे अशा तऱ्हेने नवा सदस्य म्हणून घ्यायचा. जुनं नाव काढण्याआधी नवं घातलं तर सदस्य चार होतात, कोरम तीनचा होतो, आणि जागे असतात दोघंच. चालू असलेली सभाही तिथेच थांबते. मी क्रम पाळला. जुन्या डिस्कमधलं काहीही न वापरता ते मशीन काही मिनिटांत ताज्या वहीनिशी उभं राहिलं. स्नॅपशॉटची गरजच नव्हती. बाकी दोघांकडे सगळं होतं.

तेव्हापासून मी व्हर्च्युअल मशीनचे स्नॅपशॉट आणि एट्सीडीचा स्वतःचा बॅकअप या दोन गोष्टी वेगळ्या मोजते. पहिला यंत्राचा असतो, दुसरा सभेचा. एट्सीडी स्वतःच आपल्या साऱ्या नोंदींची एक फाइल काढून देतो. ती आम्ही दर तासाला क्लस्टरबाहेर नेऊन ठेवू लागलो. यंत्रांचे स्नॅपशॉट मी बंद केले नाहीत. कामकरी मशीनसाठी आणि नियंत्रकावर हात टाकण्यापूर्वी ते मी आजही घेते. पण जुन्या यंत्रांना उठवताना दोन गोष्टी आधी पाहते. मेमरीसकट घेतलेल्या स्नॅपशॉटवरून उठलेलं मशीन अजून त्याच जुन्या वेळेत असतं, म्हणून पहिलं घड्याळ. आणि दुसरी प्रमाणपत्रं: क्लस्टर उभारून देणाऱ्या क्यूबॲडम या प्रोग्रॅमने दिलेली बहुतेक एका वर्षात संपतात. चौदा महिन्यांपूर्वीचं चाचणी क्लस्टर मी एकदा उठवलं तेव्हा त्यातला कुणीच कुणाला ओळखायला तयार नव्हता.

दीड वर्षाने खरी परीक्षा आली. नियंत्रकांच्या डिस्क ज्या स्टोरेजवर होत्या ते स्टोरेजच दुपारी बारा वाजायच्या सुमारास गेलं. तिन्ही वह्या एकदम गेल्या. पहाटेच्या तीन स्नॅपशॉटच्या इतरत्र ठेवलेल्या प्रती हाताशी होत्या, पण थोड्याथोड्या अंतराने घेतलेल्या. तीन वेगळ्या वेळी टिपलेली तीन पानं शेजारी ठेवून एक सभा होत नाही. मी अकरा वाजताची फाइल घेतली. तीन नवी मशीन उभी केली आणि तिघांवर तीच एक फाइल उतरवली. असं करताना एट्सीडी क्लस्टरला नवी ओळख देतो, सदस्यांनाही नवे क्रमांक देतो, म्हणजे जुन्या सभेतला कुणी चुकून जिवंत असला तरी त्याला इथे बसता येत नाही. नव्या आवृत्त्यांत याहून चांगली सोय आहे. क्लस्टरवर लक्ष ठेवणारे सगळे प्रोग्रॅम आपण कितव्या क्रमांकापर्यंत वाचलं ते ध्यानात ठेवतात. फाइल जुनी, म्हणजे क्रमांक मागे जाणार, आणि तेच क्रमांक पुन्हा नव्या मजकुरासह येणार. वाचणाऱ्याला वाटणार, हे तर वाचलंय. म्हणून पुनर्स्थापना करतानाच मोजणी शंभर कोटींनी पुढे ढकलतात आणि मागचं सगळं मिटलं असं जाहीर करतात. मग प्रत्येकाला पहिल्या पानापासून वाचावं लागतं. हा तोडगा ज्याला सुचला त्याच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो.

सहा कामकरी मशीन या सगळ्यात धडधाकट होती. त्यांच्यावर बारा वाजताचं जग चालू होतं आणि वही अकराची. वही उघडताच प्रत्येक मशीनवरच्या क्यूबलेटने, म्हणजे कुबरनेटीसच्या तिथल्या हस्तकाने, ताळा घेतला आणि वहीत नसलेले कंटेनर एकेक करून थांबवले. हे होणार हे मला ठाऊक होतं, तरी चालती कामं अशी विझताना बघवत नव्हतं.

माझ्या हाताखालच्या एका मुलीने अकरा ते बाराच्या त्याच हरवलेल्या तासात नवा डेटाबेस उभारून त्यात महिनाभराची गोळा केलेली माहिती भरली होती. तिने गिटमधली मांडणी पुन्हा लावली. डेटाबेस आला, पण रिकामा. ती काही बोलेना. नुसती पडद्याकडे बघत राहिली.

मी तिला दुसरं स्टोरेज उघडायला सांगितलं, डेटाबेसच्या डिस्क जिथे असतात ते. वहीत त्या डिस्कची नोंद नव्हती. पण नोंदच नसल्यामुळे ती पुसायचा हुकूमही कुणी दिलेला नव्हता. आम्ही दोघी यादी लावून बसलो. क्लस्टरला माहीत असलेली नावं एका बाजूला, स्टोरेजवर असलेली दुसऱ्या बाजूला. लांबलचक आकडे-अक्षरांची नावं, एकेक करून खोडत गेलो. शेवटी स्टोरेजवर एक उरलं ज्याला जोडीदार नव्हता. डेटाबेस थांबवला, त्याची रिकामी डिस्क सोडवली, त्या उरलेल्या डिस्कचं नाव घालून नोंद हाताने लिहिली, आणि डेटाबेस पुन्हा सुरू केला.

तिने ओळी मोजायची आज्ञा दिली. उत्तर यायला थोडा वेळ लागला.

"ताई," ती म्हणाली, "सगळ्या आहेत."